मिक्सरमधून एकजीव निघालेले पशुखाद्य पोत्यात वेगळे का होते: लक्षणे आणि तपासणीचा क्रम

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात मका भरडा, सरकी पेंड, गव्हाचा भुसा, तूरचुणी, मीठ आणि खनिज मिश्रण एकत्र करून पोत्यांत भरणारे लहान कारखाने गावोगाव आहेत. त्यांच्या यंत्रांच्या दुरुस्तीचे काम करताना जी तक्रार पुन्हा पुन्हा समोर येते, ती यंत्र बंद पडल्याची नसते. यंत्र सुरळीत चालू असूनही माल एकसारखा निघत नाही, अशी असते. पुढील क्रम त्या एकाच तक्रारीसाठी आहे.

लक्षणे

पहिले लक्षण पोत्यांच्या क्रमात दिसते. एकाच बॅचमधील सुरुवातीची पोती पिठूळ आणि शेवटची पोती भरड निघतात. क्वचित याच्या उलट होते. दुसरे लक्षण पोत्याच्या आत असते: वरच्या भागात मक्याचे आणि पेंडीचे जाड तुकडे दिसतात आणि खाली मीठ व खनिजांची राखाडी पूड साचलेली असते. तिसरे कागदावर येते, म्हणजे एकाच बॅचचे दोन नमुने प्रयोगशाळेत दिले तर मिठाचे किंवा प्रथिनांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. चौथे गोठ्यात कळते. एका पोत्यातील आंबोण गाय चाटूनपुसून संपवते आणि त्याच छापाच्या दुसऱ्या पोत्यातील आंबोण हुंगून सोडून देते. पाचवे लक्षण कारखान्यातच बघता येते, पण ते बघण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही: भरलेल्या हॉपरचे (मिक्सरमधून आलेला माल पोत्यांत भरण्याआधी साठवणाऱ्या, खाली निमुळत्या होत जाणाऱ्या टाकीचे) झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर मधोमध बारीक पुडीचा उंचवटा आणि पत्र्याच्या कडेने जाड भरड्याचे रिंगण स्पष्ट दिसते.

गव्हाणीत खाली पूड उरते, एवढ्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये. कोरडे खाद्य खाताना जनावर जाड तुकडे आधी निवडून खाते आणि पूड मागे ठेवते. तो कारखान्याचा दोष नव्हे.

पोत्यातील पूड नेमकी कोणत्या बाजूला साचली आहे, ही खूण फार उपयोगी पडते. भरताना उभ्या असलेल्या पोत्यात माल वेगळा झाला असेल, तर फरक तोंड आणि बूड यांच्यामध्ये आढळतो. माल वाहतुकीत वेगळा झाला असेल, तर पूड पोत्याच्या एका रुंद अंगाला थर धरून बसलेली असते, कारण ट्रकमध्ये पोती आडवी रचलेली असतात आणि त्या वेळी तेच अंग खाली असते. चोर्ला घाटातून गोव्याकडे गेलेली पोती परत आली, तर ती न झटकता आडवीच ठेवून कडेने शिवण उसवावी. थर जागेवर सापडतो.

खाद्यात युरिया घातलेला असेल आणि ते खाल्ल्यानंतर जनावर थरथरत असेल, लाळ गाळत असेल, पोट फुगले असेल किंवा चाल अडखळत असेल, तर ही तपासणी बाजूला ठेवून त्याच क्षणी पशुवैद्यकांना बोलवावे आणि त्या बॅचची सर्व पोती थांबवावीत. युरियाची विषबाधा खाल्ल्यापासून अर्ध्या-एक तासातही दिसू लागते, आणि सरासरीने योग्य असलेले प्रमाण एका पोत्यात साचले की तेच घातक ठरते. माल वेगळा होण्याचा प्रश्न केवळ प्रतीचा न राहता जिवावर बेततो, तो येथे. ज्या कारखान्यात माल वेगळा होत असल्याची शंका आहे, तेथे दोष मिळेपर्यंत युरिया वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

असे का होते

"मीठ जड असते म्हणून खाली जाते" हे स्पष्टीकरण सर्वत्र ऐकायला मिळते आणि ते बहुतांशी चुकीचे आहे. वजनापेक्षा दाण्याच्या आकारातील फरक कितीतरी अधिक प्रभावी असतो. दिवाळीच्या चिवड्याच्या डब्यात शेंगदाणे वर राहतात आणि मसाला, मीठ व चुरा तळाशी जातो, तेव्हा सर्वांत वजनदार कण शेंगदाणाच असतो. जाड दाण्यांच्या राशीत दाण्यादाण्यांमध्ये पोकळ्या असतात. रास जराशी हलली की त्या पोकळ्या क्षणभर उघडतात, आणि त्यांत बारीक कण घुसू शकतो, जाड दाणा घुसू शकत नाही. बारीक कण एकदा खाली सरकला की त्याला वर येण्याची वाट नसते.

येथे भूमितीचा एक आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एकसारखे गोल दाणे शक्य तितके दाटून रचले आणि बारीक कणाचा व्यास जाड दाण्याच्या सुमारे साडेसहाव्या भागापेक्षा कमी असला, तर तो कण काही न हलवताही फटींमधून खाली ओघळू शकतो. मका भरडा दोन-तीन मिलिमीटरचा आणि खनिज मिश्रण पिठासारखे असते, तेव्हा हे गुणोत्तर दहाच्याही पुढे जाते. रास हलत असेल, तर याहून पुष्कळ कमी फरकही पुरतो.

दुसरी प्रक्रिया ढिगाऱ्यावर घडते. वरून एका जागी पडणारा माल शंकूच्या आकाराचा ढीग करतो आणि त्याच्या उतारावरून दाणे थरांनी घसरतात. घसरणाऱ्या थरात बारीक कण झिरपून तळाशी जातात आणि जेथल्या तेथे अडकतात. जाड दाणे त्यांच्या वरून गडगडत कडेपर्यंत पोचतात. म्हणून मधे पूड आणि कडेला भरडा, हे हॉपरमधील रिंगण तयार होते. १९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन उभ्या काचांमधील अरुंद जागेत बारीक वाळू आणि साखर यांचे मिश्रण ओतले असता, दोन्हींचे आलटून पालटून पट्टे आपोआप तयार झाले. जाड कण खडबडीत असून त्यांचा ढीग बारीक कणांच्या ढिगापेक्षा जास्त उभा राहत असेल, तर असे पट्टे पडतात. एरवी नुसतेच मधे बारीक आणि कडेला जाड असे विभाजन होते. हा प्रयोग कोणत्याही कारखान्यात करता येतो, आणि पुढे तो तपासणीतच घेतला आहे.

तिसरी प्रक्रिया हवेची. उंचावरून पडणारा माल हॉपरमधील हवा बाजूला ढकलतो. ती हवा अतिशय बारीक धूळ उचलते आणि ती धूळ सर्वांत शेवटी, सावकाश, वरच्या थरावर किंवा भिंतीलगत बसते. हादऱ्यांविषयी पुढे त्यांच्या जागी लिहितो.

या सर्वांचा अर्थ असा, की मिक्सरने एकत्र केलेला माल मिक्सरनंतरच्या प्रत्येक पडण्यात, घसरण्यात आणि हादऱ्यात पुन्हा वेगळा होत असतो. तरीही तक्रार आली की पहिला हात मिक्सरलाच लागतो. "अहो, आणखी दहा मिनिटं फिरवला की मिसळतंय की सगळं," हे उत्तर मी इतक्या ठिकाणी ऐकले आहे, की पुढील पहिली तपासणी मुख्यतः त्यासाठीच आहे.

पहिली तपासणी: दोष मिक्सरमध्ये की मिक्सरनंतर?

यासाठी एक चाळण, एक डिजिटल काटा आणि एक तास पुरतो. चाळणीची भोके अशी निवडावी की मालाचा साधारण तिसरा हिस्सा खाली पडेल. घरातील रव्याची चाळणही बहुधा चालते, फक्त सर्व नमुन्यांसाठी तीच एक वापरावी.

मिक्सरच्या दारातून माल बाहेर पडत असताना सारख्या अंतराने दहा नमुने घ्यावेत आणि त्याच बॅचचे आणखी दहा नमुने पोती भरण्याच्या तोंडाशी घ्यावेत. नमुना पडत्या धारेतून, धारेची पूर्ण रुंदी आडवी कापून घ्यायचा. ढिगावरून मूठभर उचललेला नमुना निरुपयोगी असतो, कारण ढीग स्वतःच वेगळा झालेला असतो. वरचा माल उचलला तर वरचेच उत्तर मिळते. नमुना मोठा असेल, तर तो ढीग करून चार भाग पाडून लहान करण्याची जी जुनी पद्धत आहे, तीही येथे टाळावी, कारण त्या ढिगातही हीच क्रिया घडते.

प्रत्येक नमुन्यातून ५०० ग्रॅम माल तेवढाच वेळ चाळावा आणि खाली पडलेली पूड तोलून लिहावी. दहा आकड्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत याचे माप) मोबाइलवरही काढता येते; प्रमाण विचलनाला सरासरीने भागून शंभराने गुणले की टक्केवारी मिळते. उदाहरणार्थ, मिक्सरच्या दाराशी सरासरी १६० ग्रॅम आणि प्रमाण विचलन ८ ग्रॅम आले, तर तफावत ५ टक्के झाली. पोत्याच्या तोंडाशी सरासरी तीच राहून प्रमाण विचलन ३५ ग्रॅम आले, तर तफावत सुमारे २२ टक्के झाली. पशुखाद्यात दहा टक्क्यांच्या आतील तफावत चांगली मानली जाते.

दोन्ही ठिकाणचे आकडे वाईट असतील, तरच मिक्सरकडे वळावे. आडव्या रिबन मिक्सरला (यात मळसूत्री पट्ट्या म्हणजे रिबन माल ढवळतात) साधारण तीन ते सहा मिनिटे लागतात आणि उभ्या स्क्रू मिक्सरला पंधरा मिनिटांच्या आसपास; हा वेळ शेवटचा घटक पडल्यापासून मोजायचा. माल रिबनच्या वर चढला असेल, तर वरचा थर ढवळलाच जात नाही. रिबन आणि तळाचा पत्रा यांतील फट झिजून वाढली असेल, तर खालचा थर न हलता तसाच राहतो, आणि दाराची पट्टी गळत असेल, तर न मिसळलेला माल आधीच खाली जातो. मीठ आणि खनिजे रिकाम्या मिक्सरच्या तळाशी सर्वांत आधी टाकण्याची सवयही सोडावी. अर्धा भरडा पडल्यानंतर ती टाकावीत. एवढ्यावर मिक्सरचा विषय संपतो.

मिक्सरच्या दाराशी तफावत कमी आणि पोत्याशी जास्त असेल, तर मिक्सरला हात लावू नये. अशा वेळी तो जास्त फिरवल्याने वीज जळते, भरडा मोडून पूड वाढते आणि प्रश्न तसाच राहतो. माझ्या अनुभवात बहुतेक ठिकाणी उत्तर हेच निघते.

दुसरी तपासणी: दोन काचांमधील ओतणी

हिला पैसे लागत नाहीत. दोन पारदर्शक ॲक्रिलिक पत्रे अर्धा इंच अंतरावर उभे धरून, एका कोपऱ्यात आपले नेहमीचे खाद्य बारीक धारेने ओतावे. पूड ओतण्याच्या कोपऱ्यात आणि भरडा दूरच्या टोकाला जमला, किंवा पट्टे पडले, तर हे मिश्रण प्रत्येक ढिगात वेगळे होणारच आहे. मग केवळ हॉपर बदलून भागणार नाही आणि घटकांच्या आकाराकडेही पाहावे लागेल. काचांमध्ये माल एकसारखाच राहिला आणि तरी पोत्यांत फरक येत असेल, तर संशय हवेवर आणि हादऱ्यांवर घ्यावा. मालकाला पटवून देण्यासाठी यासारखे साधन नाही. आकड्यांच्या तक्त्याकडे दुर्लक्ष करणारा माणूसही काचेतील पट्टे पाहून थांबतो.

ही चाचणी हंगामानुसार वेगळे उत्तर देते. उन्हाळ्यात अथणीकडच्या कोरड्या हवेत दाणे मोकळे वाहतात आणि वेगळे होतात. तेच खाद्य जुलैत खानापूरच्या पावसात ओलसर होऊन एकमेकांना धरून राहते आणि तक्रार आपोआप नाहीशी होते. म्हणून पावसाळ्यात केलेल्या दुरुस्तीला लगेच यश मानू नये. ती एप्रिलमध्ये पुन्हा तपासावी.

तिसरी तपासणी: हातोडा आणि व्हायब्रेटर

हॉपरच्या निमुळत्या भागावर हातोड्याचे पोचे दिसत असतील, तर तेथे माल अडकतो आणि कामगार ठोकून तो पाडतात, हे उघड आहे. काही ठिकाणी त्यासाठी व्हायब्रेटर बसवलेला असतो आणि तो सकाळी सुरू केला की संध्याकाळपर्यंत चालू राहतो. हॉपरचे खालचे तोंड बंद असताना दिलेला प्रत्येक हादरा आतील मालातून पूड खाली झिरपवतो आणि जाड दाणे वर आणतो. जाड दाणे हादऱ्यांनी वर का येतात, यावर भौतिकशास्त्रज्ञांनी बराच अभ्यास केला आहे. १९८७ मधील एका संगणकीय अभ्यासाने फटींत घुसणाऱ्या बारीक कणांचे कारण पुढे मांडले, आणि १९९३ मधील प्रयोगांनी दाखवले की भांड्याच्या भिंतींशी होणाऱ्या घर्षणामुळे संपूर्ण माल मधून वर आणि कडेने खाली असा फिरतो, त्यात जाड दाणा वर येऊन अडकतो. कारण कोणतेही असो, कारखान्यातील उपाय एकच आहे: व्हायब्रेटरची वायरिंग अशी करावी की तोंड उघडे असतानाच तो चालेल. हे काम इलेक्ट्रिशियन अर्ध्या दिवसात करतो.

कामगारांना हे नीट समजणे आवश्यक असते. आमच्याकडे यंत्र चालवणारे अनेकजण गोकाक, बैलहोंगल भागातून आलेले कन्नड भाषक असतात आणि मालक व मुकादम मराठी बोलणारे. म्हणून "तोंड बंद असताना ठोकू नये" ही पाटी दोन्ही भाषांत लावावी. एकाच भाषेतील पाटीकडे अर्धी पाळी बघतसुद्धा नाही.

चौथी तपासणी: हॉपर किती वेळा भरतो आणि किती रिकामा होतो

सर्वसाधारण बसक्या उताराच्या हॉपरमध्ये तोंड उघडले की फक्त मधला खांब खाली सरकतो आणि कडेचा माल शेवटपर्यंत स्थिर राहतो. मधे पूड असल्याने आधी पूड येते आणि कडेचा भरडा सर्वांत शेवटी. पिठूळ पोती आधी आणि भरड पोती नंतर, या पहिल्या लक्षणाचा उगम हाच आहे.

यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे साठवणच कमी करणे. शक्य असेल तेथे मिक्सरखालून थेट पोती भरावीत. ते शक्य नसेल, तर प्रत्येक बॅच संपताना निघणारी शेवटची भरड पोती बाजूला ठेवून पुढच्या बॅचच्या मिक्सरमध्ये थोडीथोडी परत टाकावीत. वेगवेगळ्या पाककृतींची पोती मात्र एकमेकांत मिसळू नयेत. हा कायमचा इलाज नव्हे, पण ग्राहकाकडील तक्रार त्याच आठवड्यात कमी होते आणि पुढील विचाराला वेळ मिळतो.

पाचवी तपासणी: घटकांचा आकार आणि थोडा चिकटपणा

हॅमर मिलची (धान्य भरडणाऱ्या यंत्राची) जाळी हातात घेऊन उजेडासमोर धरावी. काही भोके झिजून लंबगोल झाली असतील किंवा एखाद्या कोपऱ्यात जाळी फाटली असेल, तर भरड्यात अख्खे अर्धे दाणे येतात आणि सर्वांत जाड व सर्वांत बारीक यांतील दरी वाढते. नवी जाळी हा मिक्सरच्या दुरुस्तीपेक्षा फार किरकोळ खर्च आहे. जाळी चांगली असेल, तर एक पायरी बारीक जाळी लावून पाहावी. मात्र रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी सगळेच पीठ करणे योग्य नाही, त्यामुळे किती बारीक करायचे हे पशुआहार जाणणाऱ्याला विचारून ठरवावे.

दुसऱ्या बाजूने, पुडीला भरड्याला धरून ठेवता येते. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने असल्याने उसाची मळी (मोलॅसिस) हा ओळखीचा पदार्थ आहे. एक-दोन टक्के मळी किंवा खाद्यतेल फवाऱ्याने नीट पसरवले, तर खनिजांची पूड दाण्यांना चिकटते आणि हवेतील धूळही कमी होते. ओतू नये, फवारावे. ओतल्यास गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्यांत मीठ साचून नवाच दोष उभा राहतो. मळी हवेतील ओल ओढते, म्हणून पश्चिमेकडील पावसाळी भागात तिचे प्रमाण कमी ठेवावे आणि माल लवकर खपवावा, नाहीतर बुरशी धरते. बुरशी लागलेले खाद्य विकण्यापेक्षा वेगळा झालेला माल परत घेणे परवडते.

या सर्वांवर कायमचा तोडगा म्हणजे गोळी पेंड करणे, कारण गोळीत प्रत्येक घटक आत बांधला जातो. पण त्यासाठी पेलेट मिल, वाफ आणि वीज यांचा खर्च येतो, आणि केवळ या दोषासाठी तेवढी गुंतवणूक करण्याचा सल्ला मी देत नाही.

सहावी तपासणी: पडण्याची वाट

आता पाना आणि कटर हातात घ्यावे लागतात. एलिव्हेटरच्या (माल वर चढवणाऱ्या यंत्राच्या) डोक्यापासून हॉपरपर्यंत येणारा तिरका पाइप बारकाईने पाहावा. त्यातून घसरताना पूड पाइपच्या तळाला आणि भरडा वरच्या अंगाला जातो. पाइपच्या टोकाशी दोन्ही वेगवेगळ्या वेगांनी बाहेर पडतात, त्यामुळे भरडा समोरच्या भिंतीपर्यंत उडतो आणि पूड अलीकडेच पडते. हॉपरमधील रिंगण मध्यावर नसून एका बाजूला कललेले असेल, तर कारण निश्चितपणे हा पाइप आहे. त्याच्या टोकाला पाइपच्या व्यासाच्या दुप्पट-तिप्पट लांबीचा उभा तुकडा जोडला, की धार सरळ खाली आणि हॉपरच्या मध्यभागी पडते.

पडण्याची उंचीही मोजावी. हॉपर जवळजवळ रिकामा असताना माल कित्येक फूट उंचीवरून पडतो आणि हवेची क्रिया जोर धरते. हॉपर अर्ध्याच्या वर भरलेला ठेवला, तर ती मंदावते. झाकणाजवळ धूळ ओढणारा पंखा असेल, तर त्याचे तोंड पडत्या धारेच्या अगदी जवळ नाही ना, हे बघावे, कारण तो मीठ आणि खनिजे दाण्यांपासून ओढून पिशवीत भरत असतो. धुळीच्या पिशवीतील पूड चाटून पाहण्याची गरज नाही. ती प्रयोगशाळेत दिली की त्यातील खनिजांचे प्रमाणच सर्व सांगते.

एका बिंदूवर धार पाडण्याऐवजी ती चार जागी विभागणारा पत्र्याचा शंकू वर बसवला, तर एक मोठा ढीग होण्याऐवजी चार लहान ढीग होतात आणि गडगडण्याचे अंतर घटते. फॅब्रिकेटरकडून असा शंकू सहज बनवून मिळतो. मोठ्या ओल्या हंगामानंतर त्यावर माल चिकटून एकच बाजू बंद होते, म्हणून तो स्वच्छ करण्यासाठी झाकण ठेवावे.

हीच तपासणी बेळगावच्या उद्यमबागेतील फौंड्रीवाल्यांनाही (धातू ओतून भाग बनवणाऱ्यांनाही) लागू पडते. तेथे सिलिका वाळू सायलोत (उंच साठवण टाकीत) वेगळी होते. जाड वाळू आली की वितळलेला धातू साच्यात घुसून कास्टिंगचा (ओतीव भागाचा) पृष्ठभाग खरखरीत होतो, आणि बारीक वाळू आली की साच्यातून वायू बाहेर पडायला जागा न राहून कास्टिंगमध्ये पोकळ्या पडतात. सकाळी एक दोष आणि दुपारी दुसरा दिसत असेल, तर वाळूच्या पुरवठादाराशी भांडण्याआधी सायलोच्या तोंडाशी दिवसभर नमुने घेऊन दाण्यांची सूक्ष्मता तपासावी. शेतात युरिया आणि पोटॅश हाताने मिसळून पेरणी यंत्राच्या पेटीत भरणाऱ्यांचा अनुभवही वेगळा नसतो. ट्रॅक्टरच्या हादऱ्यांनी पेटीतले खत बांधाला पोचण्याआधीच वेगळे झालेले असते.

कोठे थांबावे

वरील तपासण्यांनंतरही तफावत दहा टक्क्यांच्या खाली येत नसेल, तर हॉपरचा आकार बदलावा लागतो, आणि तेथे स्थानिक वेल्डरच्या आणि माझ्याही कामाची हद्द संपते. हॉपरमधील सर्व माल एकाच वेळी खाली सरकला, तर कडेचा भरडा आणि मधली पूड तोंडाशी पुन्हा एकत्र येतात. त्यासाठी निमुळत्या भागाचा उतार किती उभा आणि पत्रा किती गुळगुळीत हवा, याची गणिती पद्धत अमेरिकेतील युटा विद्यापीठात अँड्र्यू जेनिके यांनी विकसित केली आणि १९६४ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात आपल्याच मालाचे आणि आपल्याच पत्र्याचे घर्षण मोजावे लागते. शेजारच्या कारखान्यातील कोन उचलून आणून चालत नाही. तोंडाखाली स्क्रू कन्व्हेयर (मळसूत्री पात्याने माल पुढे ढकलणारे यंत्र) असेल, तर त्याचे सर्व वळसे सारख्या अंतराचे असताना तो केवळ मागच्या टोकाकडून माल ओढतो, म्हणून तोही या अभ्यासात घ्यावा लागतो.

स्वतःहून करू नयेत अशा गोष्टी ठळकपणे सांगतो. माल लवकर निघावा म्हणून उंच सायलोच्या बाजूच्या भिंतीला नवे तोंड पाडू नये. धान्याच्या साठ्यातील वजनाचा मोठा भाग घर्षणाने भिंतींवर येतो, हे यानसेन या जर्मन अभियंत्याने १८९५ मध्येच मांडले होते. माल एका बाजूने निघू लागला की हा भार असमान होतो आणि पातळ पत्र्याची भिंत आत दबू शकते. माल असताना हॉपरच्या आत उतरून तो मोकळा करू नये. वरून घट्ट दिसणारा थर खाली पोकळ असतो आणि पाय ठेवताच माणूस गाडला जातो. धुळीने माखलेल्या हॉपरवर किंवा एलिव्हेटरवर वेल्डिंग किंवा गॅस कटिंग करू नये. धान्याची धूळ हवेत पसरलेली असताना ठिणगीने स्फोट होतो. यांपैकी कशाचीही गरज भासली, तर काम थांबवून साठवण यंत्रणेचा अनुभव असलेल्या मेकॅनिकल आणि स्ट्रक्चरल अभियंत्यांना बोलवावे.

त्यांना बोलावताना दोन्ही ठिकाणच्या दहा-दहा नमुन्यांचे आकडे, हॉपर भरलेला असतानाचा वरून काढलेला फोटो, हॉपरची मापे आणि निमुळत्या भागाचा कोन लिहून तयार ठेवावा, आणि खाद्याचे एक सीलबंद पोते द्यावे. जो अभियंता मालाची घर्षण चाचणी न करता केवळ पाहून कोन सांगतो, त्याच्याकडे पत्रा कापण्याचे काम सोपवू नये.